थायलंडांतील तंटा : कोणत्या कचेरीचें दार ठोठवावें?

शहाण्या माणसानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. परंतु कोर्टाची चढावयाची नाहीं तर मग कोणती पायरी चढावी, हें ती म्हण सांगत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. मात्र आपल्या देशापुरता नव्हे, तर पूर्वीं सयाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि १९३९ पासून थायलंड हें नांव धारण करणाऱ्या देशापुरता. आपल्याकडील पुष्कळ मंडळी हल्लीं बँकॉक, पट्टाया, फुकेत येथें सहलीस जातात; कांहीं नोकरीउद्योगानिमित्त तेथें बिऱ्हाडहि करतात. परमुलखांत माणूस गेला कीं त्याच्याबरोबर घरभाडें, पगार, देणेंघेणें आणि शेजार हीं चारहि प्रकरणें जातात, आणि जेथें हीं चार आहेत तेथें केव्हां ना केव्हां तंटा उपस्थित होणारच. अशा वेळीं बाजू खरी असूनहि माणूस हरतो तो बहुधा दोन कारणांनीं. एक तर तो भलत्याच कचेरींत खेटे घालीत बसतो. आणि दुसरें, त्या खेट्यांत मुदत निघून जाते.

कचेरी शोधण्याची किल्ली कोठें आहे, असें विचाराल तर ती प्रत्येकाच्या पत्त्यांतच आहे. थाई पत्ता घराच्या क्रमांकापासून सुरू होतो व एकेक पायरी वर चढत जातो. घरानंतर ‘मू’ म्हणजे गांवाचा क्रमांक, त्यानंतर ‘तम्बोन’, मग ‘अम्फो’ आणि शेवटीं ‘चांग्वात’. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगावयाचें तर चांग्वात म्हणजे जिल्ह्याहून बराच मोठा अधिकार असलेला प्रांत, अम्फो म्हणजे तालुका आणि तम्बोन म्हणजे कांहीं गांवांचा एक गट. सबंध देशांत असे ७६ प्रांत व ८७८ अम्फो आहेत. बँकॉक राजधानी या ७६ प्रांतांत धरीत नाहींत. तिची व्यवस्था स्वतंत्र आहे. तेथें अम्फोऐवजीं ५० ‘खेत’ आहेत व तम्बोनऐवजीं ‘ख्वेंग’. खेत हा आपला ‘क्षेत्र’ शब्दच होय. तेव्हां पत्त्यांत ‘खेत’ आलें कीं समजावें, हा माणूस राजधानींत राहतो, आणि त्याला गांवचा मुखी शोधण्याचें कारण नाहीं. कारण बँकॉकमध्यें तें पदच नाहीं.

पत्ता समजला म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें पुढील भेद ध्यानांत घेण्यावर अवलंबून आहे. थायलंडांत एकाच गांवावर दोन निरनिराळ्या सत्तांची छाया असते. पहिली सत्ता मध्यवर्ती सरकारची. तिचा प्रांतांतील कारभार ‘फूमिफाक’ या नांवानें ओळखला जातो. हा मूळचा ‘भूमिभाग’ शब्द. प्रांताचा राज्यपाल व अम्फोचा अधिकारी, ज्याला ‘नाय अम्फो’ म्हणतात, हे दोघे गृहखात्याचे नेमलेले नोकर. त्यांच्या खालीं तम्बोनचा ‘कमनान’ व गांवचा ‘फूयायबान’. फूयायबानाला गांवकरी निवडून देतात आणि वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत तो त्या पदावर राहूं शकतो. आपल्याकडील जुना पाटील डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे त्याची कल्पना येईल. फरक एवढाच कीं हें पद वंशपरंपरेचें नाहीं.

दुसरी सत्ता लोकनियुक्त स्थानिक संस्थांची. शहरांत व मोठ्या वस्त्यांत ‘थेसबान’ म्हणजे नगरपालिका असते. ‘देश’ आणि ‘पाल’ हे दोन शब्द जोडून हें नांव बनलें आहे. खेड्यापाड्यांच्या भागांत तम्बोनची प्रशासकीय संस्था असते. तिला थाई लोक तीन अक्षरांच्या संक्षेपानें ‘ओ बो तो’ म्हणतात, आणि १९९४ च्या कायद्यानें तिला आजचें स्वरूप आलें. प्रांताची म्हणून एक निराळी लोकनियुक्त संस्था आहेच; बँकॉक व पट्टाया यांच्या महापालिका खास कायद्यानें चालतात.

आतां घोटाळा कोठें होतो तें पाहा. कमनानहि तम्बोनचा आणि ‘ओ बो तो’हि तम्बोनची. नवख्या माणसाला वाटतें, दोन्ही एकच. परंतु तुंबलेलें गटार, रात्रभर चालणारा कर्कश आवाज, शेजारच्या डुकरांच्या गोठ्याची दुर्गंधी, परवानगीवांचून उठविलेली इमारत, हे विषय स्थानिक संस्थेचे होत. १९९२ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा आणि १९७९ चा बांधकाम-नियंत्रणाचा कायदा यांनीं उपद्रव थांबविण्याचे व बांधकाम अडविण्याचे अधिकार थेसबान किंवा ‘ओ बो तो’ यांच्या प्रमुखाला दिलेले आहेत. बँकॉकमध्यें अशा कामासाठीं त्या त्या खेताच्या कचेरींत जावें. कमनान फार तर चार शब्द समजुतीचे सांगेल. बांधकाम थांबविण्याचा हुकूम त्याला काढतां यावयाचा नाहीं.

याच्या उलट, दोन माणसांमधील खासगी भांडण, उदाहरणार्थ उसने दिलेले पैसे, भावाभावांतील वाटणी किंवा झाडाच्या फांद्यांवरून झालेली बाचाबाची, हें स्थानिक संस्थेचें काम नव्हे. तेथें पहिली पायरी फूयायबानाची. गांवसमितीनें तंट्यांत तडजोड कशी घडवून आणावी याविषयीं गृहखात्यानें १९८७ सालीं नियमच करून दिले आहेत. गांवांत मिटलें नाहीं तर वरची पायरी अम्फोची. २००७ सालीं राज्यकारभाराच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रत्येक अम्फोंत तडजोडीची व्यवस्था झाली. जमीन व वारसा यांसंबंधींचे, तसेच दोन लाख बाथपर्यंतच्या रकमेचे इतर दिवाणी तंटे तिच्यापुढें नेतां येतात. मात्र पक्षकारांपैकीं निदान एक तरी त्या अम्फोचा रहिवासी असावा लागतो. तिची घटना मोठी सुबक आहे. प्रत्येक पक्ष यादींतून आपल्या विश्वासाचा एकेक मध्यस्थ निवडतो आणि अध्यक्षस्थानीं नाय अम्फो, सरकारी वकील अथवा नेमून दिलेला दुय्यम अधिकारी बसतो. दोघांच्या संमतीनें जो करार लिहिला जाईल त्याला लवादाच्या निवाड्याचें बळ असतें. शिवाय, प्रकरण येथें दाखल झाल्या दिवसापासून दावा लावण्याच्या मुदतीचा कांटा थांबतो. मुदत जाण्याच्या भीतीनें ज्याची झोंप उडाली असेल त्याला ही तरतूद फार मोलाची आहे.

फौजदारी बाबतींतहि, जे गुन्हे कायद्यानें आपसांत मिटवितां येतात आणि जे लैंगिक स्वरूपाचे नाहींत, त्यांत दोन्ही पक्षांची संमति असल्यास नाय अम्फो मध्यस्थी करूं शकतो. येथें मात्र एक सावधगिरी हवी. साधी फसवणूक, अपहार, बदनामी यांसारख्या मिटवितां येण्याजोग्या गुन्ह्यांत, गुन्हा व गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांच्या आंत फिर्याद द्यावी लागते. ती न दिल्यास हक्क बुडतो. म्हणून अशा प्रसंगीं आधीं पोलीस ठाण्यावर फिर्याद नोंदवावी आणि मग खुशाल तडजोडीला बसावें. केवळ ‘कळविल्याची नोंद’ आणि ‘कारवाई व्हावी म्हणून दिलेली फिर्याद’ या दोन गोष्टी थाई पोलिसांच्या दप्तरांत वेगळ्या आहेत. आपली कोणती लिहून घेतली, तें सही करण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

जमिनीचा तंटा मात्र निराळ्या घरचा. त्यासाठीं भूमि खात्याची कचेरी आहे. प्रत्येक प्रांताला एक मुख्य कचेरी व तिच्या शाखा असतात. एखादी शाखा एकाहून अधिक अम्फोंचें कामहि पाहते. म्हणून कोणती शाखा आपली, हें जमिनीच्या कागदावरील अम्फो पाहून ठरवावें, स्वतःच्या राहण्याच्या पत्त्यावरून नव्हे. कागद कोणत्या जातीचा आहे तेंहि पाहावें. पूर्ण मालकीचा कागद तो ‘चनोत’. ‘नो सो साम’ हा ताबा व वहिवाट दाखविणारा. आणि ‘सो पो को’ हा कागद शेतीसाठीं वांटलेल्या सरकारी जमिनीचा. त्याचें दप्तर भूमि खात्याकडे नसून शेतजमीन-सुधारणेच्या कचेरीकडे असतें. परकीयांना सामान्यतः जमिनीची मालकी मिळत नाहीं, ही गोष्ट कागद हातीं घेण्यापूर्वींच ध्यानांत असावी.

हद्दीच्या वादांत भूमि कचेरीकडे मोजणीचा अर्ज करतात. मोजणीच्या वेळीं शेजाऱ्यानें हरकत घेतली तर अधिकारी कागदपत्रें पाहून दोघांची समजूत घालतो. समजूत न पटल्यास तो पक्षकारांना न्यायालयाचा मार्ग दाखवितो, आणि त्या सूचनेपासून ९० दिवसांत दावा न लावल्यास अर्जदाराला मोजणी पुढें चालवावयाची नाहीं असें धरलें जातें. नवीन मालकी-कागद काढतांना वाद उपस्थित झाला तर अधिकाऱ्याच्या निर्णयानंतर ६० दिवसांची मुदत असते. हे आंकडे भिंतीवरील पंचांगांत त्याच दिवशीं खूण करून ठेवण्यासारखे आहेत.

आतां मजुरी व पगार यांकडे वळूं. नोकरानें आपला थकलेला पगार, जादा कामाचा मोबदला किंवा नोकरींतून काढल्याबद्दल मिळावयाची रक्कम मागण्यासाठीं कामगार-संरक्षण खात्याच्या निरीक्षकाकडे अर्ज करावा. १९९८ च्या कायद्याप्रमाणें, आपण जेथें काम करतों तेथील किंवा मालकाचें ठाणें जेथें आहे तेथील, अशा दोन्हींपैकीं कोणत्याहि निरीक्षकाकडे तो देतां येतो. निरीक्षकानें ६० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो व जरूर तर ३० दिवसांची वाढ मिळते. निर्णय मान्य नसेल त्यानें ३० दिवसांत कामगार न्यायालयांत जावें. मात्र ‘मला अन्यायानें काढून टाकलें’ या कारणासाठीं नुकसानभरपाई मागावयाची असेल तर तो विषय थेट कामगार न्यायालयाचा आहे. निरीक्षकाला तेथें अधिकार नाहीं. या खात्याचा दूरध्वनि क्रमांक १५०६ आहे.

विकत घेतलेली वस्तु खोटी निघाली, सदनिकेचे पैसे घेऊन बिल्डर बांधकाम करीना, अथवा भाड्यानें खोल्या देण्याचा धंदा करणाऱ्यानें अनामत परत केली नाहीं, तर ग्राहक-संरक्षण मंडळाकडे जावें. हें मंडळ १९७९ च्या कायद्यानें स्थापन झालें. त्याचा क्रमांक ११६६. प्रांतांतील तक्रारी प्रांतिक पातळीवर घेतल्या जातात. न्यायालयांत जाण्याची वेळ आलीच तर २००८ च्या कायद्यानें ग्राहकाला तोंडी फिर्याद देण्याची व न्यायालयीन फीमधून सूट मिळण्याची सोय आहे. प्रवाशाला फसविलें, धाक दाखविला, तर पर्यटक-पोलिसांचा क्रमांक ११५५. तेथें इंग्रजींत बोलतां येतें. जिवावरचा प्रसंग असेल तर १९१. आपली वकिलात कागदपत्रांच्या व अडचणींत सांपडलेल्या नागरिकांच्या बाबतींत साहाय्य करते. परंतु दोघां खासगी माणसांतील देण्याघेण्याचा न्याय करणें हें वकिलातीचें काम नव्हे.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, मास्तर, हें सारें पाठ कोण करणार? म्हणून एक उदाहरण घेऊं. चियांग माईजवळ एका गृहस्थाच्या शेजाऱ्यानें भिंत बांधावयास काढली अशी कल्पना करा. गृहस्थ म्हणतो, भिंत माझ्या जमिनींत हातभर आली. भिंतीला परवानगीहि घेतलेली नाहीं. आणि जाब विचारतांच शेजाऱ्यानें मारण्याची धमकी दिली. भिंत एकच, पण तंटे तीन. भिंत कोणाच्या जमिनींत आहे, हा प्रश्न भूमि कचेरीचा. परवानगी होती कीं नाहीं, हा थेसबानचा. आणि धमकी दिली, हा पोलिसांचा. गृहस्थानें तिन्ही गाऱ्हाणीं एकाच अर्जांत लिहून एकाच टेबलावर टाकलीं, तर प्रत्येक कारकून आपला भाग सोडून इतर दोन भागांकडे बोट दाखवील आणि त्यांत कोणाचीहि लबाडी असणार नाहीं. तेव्हां कचेरी शोधण्यापूर्वीं तंट्याचीं फोड करावी. ‘मला नेमकें काय करून हवें आहे?’ असा प्रश्न प्रत्येक भागाला विचारावा. ‘मोजणी’ हें उत्तर आलें तर एक दार, ‘हुकूम’ आलें तर दुसरें, ‘शिक्षा’ आलें तर तिसरें आणि ‘समेट’ आलें तर अम्फो.

इतकें करूनहि दार सांपडलें नाहीं, तर त्याचीहि सोय तेथें केलेली आहे. तिचें नांव ‘सून दम्रोंगथम’. यांतील ‘सून’ हा आपला ‘शून्य’ शब्द, तेथें तो केंद्र या अर्थीं रूढ झाला आहे. आणि ‘थम’ म्हणजे धर्म. धर्म धारण करणारें केंद्र, असा या नांवाचा अर्थ. त्यांत सयामचे पहिले मोठे गृहमंत्री राजपुत्र दम्रोंग यांची स्मृतीहि गुंफलेली आहे. राजे चुलालोंगकॉर्न, ज्यांनीं १८७२ सालीं हिंदुस्थानचा प्रवास केला व त्यांत मुंबईहि पाहिली, त्यांचे हे धाकटे भाऊ. १८९२ पासून १९१५ पर्यंत ते गृहमंत्री होते, आणि प्रांत, अम्फो, तम्बोन व गांव ही जी शिडी मघाशीं वर्णन केली ती मुख्यतः त्यांनीं घडविली. तिचा पाया असलेला १९१४ चा स्थानिक कारभाराचा कायदा, पुष्कळ दुरुस्त्या होऊन, आजहि चालू आहे. गृहखात्यानें १९९४ सालीं हें केंद्र स्थापिलें आणि २०१४ सालीं प्रत्येक प्रांतांत त्याची शाखा झाली. प्रांताच्या मुख्य कचेरीला ‘साला क्लांग’ म्हणजे मध्यवर्ती सभागृह म्हणतात. तेथें हें केंद्र भेटतें, आणि अम्फोच्या कचेरींतहि त्याचें टेबल असतें. क्रमांक १५६७. तक्रार तेथें दिली कीं ती योग्य खात्याकडे धाडण्याची जबाबदारी त्या केंद्राची. मात्र ध्यानांत ठेवावें कीं हें केंद्र न्यायालय नव्हे. तें तक्रार पोंचवितें, पाठपुरावा करतें, समेट घडवितें. निवाडा देत नाहीं, आणि तेथें अर्ज दिल्यानें वर सांगितलेल्या तीन महिन्यांच्या वा ९० दिवसांच्या मुदती थांबतात असें धरून चालूं नये.

आणि कचेरीनेंच अन्याय केला तर? अधिकाऱ्याचा बेकायदा हुकूम रद्द करण्यासाठीं २००१ पासून प्रशासकीय न्यायालयें चालू आहेत. तेथें सामान्यतः ९० दिवसांत जावें लागतें, आणि बहुतेक बाबतींत त्यापूर्वीं त्याच खात्यांत वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितलेली असावी लागते.

आतां थोडें व्यवहाराचें. सरकारी कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार, सकाळीं साडेआठ ते दुपारीं साडेचार उघड्या असतात. बरोबर ओळखपत्र किंवा पारपत्र, घरनोंदणीचें पुस्तक असल्यास तें, करार, पावत्या, छायाचित्रें, आणि या सर्वांच्या नकला घ्याव्या. थायलंडांत प्रत्येक नकलेवर ‘खरी नकल’ असें लिहून स्वतःची सही करण्याचा प्रघात आहे. ती नकल कोणत्या कामासाठीं दिली तेंहि तिच्यावर लिहावें, म्हणजे दुसऱ्या कामीं तिचा दुरुपयोग होण्याची भीति राहत नाहीं. अर्ज थाई भाषेंत लागतो. तेव्हां भाषा जाणणारा भरंवशाचा माणूस सोबत असावा. कागदांवरील सन बुद्धशकाचा असतो. इसवी सनांत ५४३ मिळविले कीं तो येतो. म्हणजे २००७ चा कायदा तेथें २५५० चा म्हणून ओळखला जातो. मुदती मोजतांना हा हिशेब चुकूं देऊं नये. अर्ज दिल्यावर नोंदीचा क्रमांक व तारीख यांची पोंच घेतल्यावांचून टेबलापासून हलूं नये. तोंडी आश्वासन कितीहि गोड असलें तरी तें दप्तरांत राहत नाहीं.

शेवटीं समेटाविषयीं दोन शब्द. आपल्या महाराष्ट्रांतहि २००७ सालींच महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली, हा योगायोग मोठा बोलका आहे. दोन्ही देशांना एकाच वर्षीं असें वाटलें कीं भांडण जेथें उगवतें तेथेंच, ओळखीच्या माणसांसमोर, मिटावें. ही इच्छा चांगली आहे. परंतु समेटाचाहि एक धोका असतो. गांवांत सबळ कोण व दुबळा कोण हें सर्वांना ठाऊक असतें, आणि ‘मिटवून टाका’ हा उपदेश बहुधा दुबळ्यालाच केला जातो. ज्या मजुराचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे, त्याला एका महिन्याच्या पगारावर समाधान मानण्यास लावणें हा समेट नव्हे. थाई कायद्यानें समेटाला दोघांची संमति आवश्यक ठरविली आहे ती याच कारणासाठीं. वाचून न समजलेल्या कागदावर सही करूं नये, आणि नको असलेली तडजोड नाकारण्यांत कसलाहि उद्धटपणा मानूं नये. नाकारणारासाठीं न्यायालयाची पायरी खुलीच असते. ती पायरी शक्य तों चढूं नये हें खरें. परंतु चढण्याचा हक्क मुदतींत राखून ठेवणें, हाहि शहाणपणाचाच भाग होय.